हिशेब मागणारा अर्ज

मुलांनो, कल्याणहून कर्जत लोकलने निघालात, की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी. त्याला लागूनच उल्हासनगर. तेथे 2021 च्या मे महिन्यात, पंधरा दिवसांच्या आत, दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. झोपेत नव्हे, घरात वावरता वावरता माणसे दगावली.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, असा कायदा आहे. पण महानगरपालिकेने किती इमारतींना नोटिसा दिल्या, पुढे काय केले, हे आपल्याला कसे कळणार?

त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात या कायद्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. 2005 साली केंद्राचा कायदा आला. साध्या कागदावर अर्ज करावा, दहा रुपये भरावेत. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. (अर्ज, हिशेब, इमारत, सरकार हे शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहेत!)

मात्र अर्ज मोघम नको. ‘शाळेकडे लक्ष का देत नाही?’ असे विचारले, तर हाती काही लागत नाही. ‘गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम मंजूर झाली? किती खर्च झाली? बिलांच्या प्रती द्याव्यात,’ असे लिहावे.

अनुदानित शाळेत तर व्यवस्थापन समितीच असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदान कसे खर्च व्हावे, याबाबत ते सल्ला देऊ शकतात. तुमच्या शाळेच्या समितीवर कोणाची अम्मी, कोणाचे अब्बा आहेत? मागची सभा कधी झाली, हे त्यांना विचारा.