जुन्या लॅपटॉपचं इन्फ्रारेड : दुरुस्तीला टाकण्याआधी एवढं बघा

मैत्रिणींनो, भवानी पेठेतल्या आपल्या एका गटाचा शेंगा चटणीचा आणि कडक भाकरीचा धंदा आहे. गिऱ्हाइकांचे सगळे नंबर एका जुन्या नोकिया ६६०० मध्ये. बटणं एकेक करून बंद पडायला लागली, आणि दिवाळीच्या ऑर्डरी तर तोंडावर. गटाच्या जुन्या लॅपटॉपला ब्लूटूथ नाही, इन्फ्रारेड आहे. पण दुरुस्तीवाला म्हणाला, "पोर्ट गेलंय, दीड हजार लागतील." पोर्ट गेलंच नव्हतं. सेटिंगमध्ये बंद होतं, एवढंच.

इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. लॅपटॉपच्या कडेला काळपट-लाल काचेची छोटी खिडकी दिसते, तिच्यामागे हा अडॅप्टर असतो. (चार्जरलाही आपण अडॅप्टर म्हणतो, तो हा नव्हे.)

आधी कंट्रोल पॅनेल उघडा. विंडोज एक्सपीमध्ये तिथं 'वायरलेस लिंक' असं चित्र दिसायला हवं. ते नसेल तर लॅपटॉपला अडॅप्टर सापडलेलाच नाही. मग माय कॉम्प्युटरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर असं जा. 'इन्फ्रारेड डिव्हाइसेस'खाली लाल फुली असेल तर उजवं क्लिक करून 'एनेबल' करा. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर बहुतेक ड्रायव्हर नीट बसलेला नाही.

तिथं नावच नसेल तर? आपल्या ताईंचं घोडं इथंच अडलं होतं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पहिल्याच पडद्यावर जे बटण लिहिलेलं असेल, बहुधा एफ-२, ते दाबायचं. निळा-करडा पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. त्यात 'इन्फ्रारेड' किंवा 'आयआरडीए' शोधा. 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल्ड' करा, सेव्ह करून बाहेर पडा. बाकी कशाला हात लावू नका. आधी काय होतं ते वहीत लिहून ठेवलेलं बरं.

आता वायरलेस लिंकमध्ये 'दुसऱ्यांना फाइल पाठवू द्या' या अर्थाच्या चौकोनात खूण करा. फाइल कुठं येऊन पडणार, तेही तिथंच दिसतं. फोनचं इन्फ्रारेड चालू करून दोन्ही खिडक्या समोरासमोर ठेवा, वीतभर अंतरावर. मीटरभरापलीकडं नको, तिरकं नको. आणि खिडकीतलं ऊन त्यावर पडू देऊ नका. सोलापूरच्या उन्हात ही किरणं बुजून जातात.

ताईंनी एकेक नाव निवडून पाठवलं. वेळ लागला, पण नंबर आले. आल्या आल्या ते रजिस्टरात उतरवले, आणि चौकोनातली खूण काढून टाकली.

अजून एक. एक्सपीची सुरक्षा मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच बंद केली. तेव्हा असल्या लॅपटॉपवर गटाचं बँक खातं उघडायचं नाही.