दर्याची वही

कसाल गावाला समुद्र नाही. मुंबई-गोवा हमरस्त्यावरचे हे गाव. मालवणचा रस्ता येथूनच फुटतो. पण समुद्राची खबर कसालला मिळतेच. ती येते मासळीच्या पाटीतून.

एके दिवशी बाजारात गुरुजी मासळी घ्यायला गेले. हे गुरुजी गावात रात्रीचा साक्षरतेचा वर्ग चालवतात. त्यांनी मासेवालीला विचारले, "काय गो काकी, आज बांगडे एवढे बारके कसे?"

काकी म्हणाली, "काय करतलंव गुरुजी! दर्यात मासोच रवलो नाय."

जवळच एक म्हातारा तांडेल बसला होता. तो म्हणाला, "असा कसा म्हणतंस? परवा आमच्या रापणीक पाटी भरान पेडवे लागले."

गुरुजी हसून म्हणाले, "काकी खरं बोलते आणि आबाही खरं बोलतात. पण दोघांच्याही बोलण्यात आकडा नाही. मग दर्या सुधारला की बिघडला, हे ठरवायचं कसं?"

"म्हणजे आता दर्याचो हिशोब वाण्याच्या वहीसारखो लिवचो?" आबांनी विचारले.

"होय आबा, अगदी तसाच!"

हा हिशेब कसा ठेवतात, ते आता आपण पाहू.

नोंद कशी करावी?

नोंदीत पाच गोष्टी हव्यात. तारीख. जागा. कोणते जाळे टाकले ते. जाळे किती वेळ पाण्यात होते ते. आणि कोणती मासळी किती मिळाली ते.

यांतली वेळेची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. एक गणित करून पाहा. समजा, गेल्या वर्षी जाळे २ तास पाण्यात होते आणि बांगडा ४० किलो मिळाला. म्हणजे तासाला २० किलो. यंदा त्याच जागी तेच जाळे ५ तास ठेवले आणि बांगडा ५० किलो मिळाला. म्हणजे तासाला १० किलो. पाटीत मासळी जास्त आली. पण तासाच्या हिशेबाने ती निम्म्यावर आली! वेळ लिहिली नसती, तर हे कळलेच नसते.

मात्र एका दिवसावरून निकाल देऊ नये. वारा बदलतो, पाणी बदलते, भरती-ओहोटी बदलते. म्हणून नोंद पुष्कळ दिवसांची हवी.

आणि हात हलवत परत आलात तर? तर शून्य लिहा. शून्य लिहायची लाज वाटू देऊ नका. नुसते चांगले दिवस लिहिले, तर वही खोटी होते.

मासळीची लांबीही मोजावी. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावावी. बारका मासा एकदाही अंडी घालण्याआधी जाळ्यात गेला, तर पुढची पिढी यायची कुठून? यासाठीच २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या मासळीला कमीत कमी आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी धरू नये, असा नियम केला.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्या देशात समुद्रातील मासळीचा अभ्यास करणारी एक मोठी सरकारी संस्था आहे. तिचे नाव केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था. ती १९४७ साली स्थापन झाली. तिची माणसे मासळी उतरते त्या बंदरांवर जातात, होड्या मोजतात आणि मासळीची नोंद करतात.

पण प्रत्येक होडी रोज कोण मोजणार? म्हणून काही बंदरे आणि काही दिवस निवडतात. तेथल्या आकड्यांवरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसे हे आहे. मात्र शीत मुद्दाम चांगले पाहून उचलू नये. फक्त भरघोस मासळीचे दिवस निवडले, तर अंदाज चुकतो.

डॉल्फिनचा अंगठा

डॉल्फिन पाटीत येत नाहीत. मग ते कसे मोजायचे?

मालवणच्या समुद्रात पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन दिसतात. अभ्यासक होडीतून ठरलेल्या वाटेने जातात. डॉल्फिन दिसले की वेळ, जागा आणि संख्या लिहितात. सोबत पिल्ले आहेत का, तेही पाहतात. मग पाठीवरच्या पंखाचा फोटो काढतात. त्या पंखावर खाचा असतात, व्रण असतात. एकाच्या खाचा दुसऱ्यासारख्या नसतात. माणसाचा अंगठा, तसा डॉल्फिनचा पंख! ओळखीचे डॉल्फिन पुन्हा किती वेळा भेटतात, यावरून एकूण किती असावेत याचा अंदाज येतो.

कासवाचा नंबर

ऑलिव्ह रिडले जातीची कासवे आपल्या जिल्ह्यात वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. गावातली माणसे अंडी मोजतात आणि कुंपण घालून राखतात. अंडी केव्हा घातली, पिल्ले केव्हा निघाली, किती निघाली, हे सारे लिहून ठेवतात.

अशाच एका नोंदीने साऱ्या देशाला चकित केले. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाला धातूची लहान पट्टी लावली होती. पट्टीवर नंबर होता ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये हेच कासव रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडले. ओडिशा पूर्व किनाऱ्याला, गुहागर पश्चिम किनाऱ्याला. कासवाने सुमारे ३५०० किलोमीटर अंतर तोडले असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पूर्वेला अंडी घालणारे कासव पश्चिमेलाही येऊन अंडी घालते, हे त्यामुळे कळले.

एकाने नंबर लिहून ठेवला. चार वर्षांनी दुसऱ्याने तो वाचला. दोघांपैकी एकाने जरी आळस केला असता, तर ही गोष्ट कोणालाच कळली नसती.

लिहिले तर तोटा होईल का?

हे सारे ऐकून आबा म्हणाले, "गुरुजी, मासो खंय गावता ता लिवन दिलंय, आणि सरकारान थयच बंदी घातली तर?"

ही भीती उगाच नाही. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपला धंदा जाईल, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पण दुसरी बाजूही पाहा. पर्ससीन जाळ्यांमुळे आपली मासळी जाते, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. सरकारने समिती नेमली. समितीने अभ्यास करून अहवाल दिला. त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले. समितीपुढे तक्रार मांडायची, तर हातात आकडा हवा.

आणखी एक उदाहरण. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळ्यात अडकला, तर जाळे कापून त्याला सोडावे लागते. जाळ्याचे नुकसान होते. त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ साली सुरू केली. पण भरपाईसाठी फोटोचा पुरावा लागतो. कोणता प्राणी कुठे अडकला, हे त्याच अर्जांतून अभ्यासकांनाही कळते. जीव वाचतो, मच्छीमाराचा खर्च निघतो आणि माहितीही जमते.

गुरुजी म्हणाले, "आबा, आपण लिहिलं नाही, तर बंदी यायची थांबत नाही. फक्त दुसऱ्याच्या आकड्यावरून येते. त्या वेळी आपलं म्हणणं मांडायला आपल्याजवळ काही नसतं. म्हणून वही आपली आपल्याजवळ ठेवावी. कोणी माहिती मागितली, तर कशासाठी हवी ते आधी विचारावं. मग नक्कल द्यावी, वही देऊ नये."

आबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते वर्गाला आले. अक्षरे नुकतीच शिकलेली होती, हात थरथरत होता. आठ दिवसांनी त्यांनी गुरुजींना वही दाखवली. तारीख होती, जागा होती. पुढे लिहिले होते: "रापण ३ तास. मासळी ०."

गुरुजी म्हणाले, "शाबास आबा! ही नोंद खरी."

उजळणी

१. नोंदीत कोणत्या पाच गोष्टी असाव्यात?
२. जाळे ४ तास पाण्यात होते. मासळी ६० किलो मिळाली. तासाला किती किलो?
३. मासळी मिळाली नाही, तर वहीत काय लिहावे? का?
४. डॉल्फिन कशावरून ओळखतात?
५. आज बाजारात कोणती मासळी आली, ते तारीख घालून आपल्या वहीत लिहा. रोज एक ओळ, असे महिनाभर करा.