जुन्या कागदांतील आखूड अक्षरे

आपल्या संकेश्वर-निपाणी भागातील पुष्कळ मराठी घरांत जुन्या कागदांचे एखादे बासन जपून ठेवलेले असते. ते उघडून कुळाची माहिती काढावी असे मनात आले, की पहिली अडचण मोडी लिपीची येते. ती अभ्यासाने दूर होते. खरी अडचण पुढेच आहे. लेखक घाईत असे, कागद महाग असे. म्हणून नित्याचे शब्द एका अक्षरावर भागवून पुढे एक किंवा दोन उभ्या रेघा ओढण्याची चाल पडली होती. मु॥ म्हणजे मुक्काम, नि॥ म्हणजे निसबत, बा। म्हणजे बाबत, रा। म्हणजे राजश्री. हीच दुहेरी रेघ अंकापुढे आली तर मात्र तिचा अर्थ ‘अर्धा’. ५॥ म्हणजे साडेपाच.

ही सोय काही आपल्याच लोकांची नव्हे. 1563 साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने बाप्तिस्मे व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम घालून दिला. अशा वह्यांतून युरोपातील पाद्री ‘फिलिउस’ म्हणजे पुत्र आणि ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी हे लॅटिन शब्द ‘फिल.’, ‘उक्स.’ असे तोडून लिहीत. आपल्याकडे त्या जागी बिन व कोम हे शब्द येतात. ‘रामजी बिन संताजी’ म्हणजे संताजीचा मुलगा रामजी. ‘भागीरथी कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको भागीरथी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत जेथे होती, तेथे ही भागीरथी माहेरी कोण होती हे या नोंदीवरून मुळीच कळत नाही. वंशावळीत बायकांच्या जागा रिकाम्या राहतात त्याचे हे एक कारण होय.

एकच आखूड अक्षर अनेक शब्दांचे काम करते, हे विसरता कामा नये. ता। म्हणजे कोठे तर्फ, कोठे तागायत. आणि अलीकडच्या कागदात तालुका किंवा तारीख. पुढे गावांच्या समूहाचे नाव असेल तर तर्फ. आधी इ॥, म्हणजे इस्तकबिल (पासून), असेल तर तागायत (पर्यंत). तसेच ‘मौजे मा।’ हे गावाचे नाव समजून नकाशात शोधू नये. ते ‘मौजे मजकूर’ आहे; म्हणजे वर सांगितलेले गाव, आणि त्याचे नाव मागच्या ओळींत पाहावयाचे.

सर्वांत मोठा घोटाळा सालाचा होतो. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अरबी अंकशब्दांनी लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून 1161. हे वर्ष मृग निघतो तेव्हा बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, ती याच सुहूर सनात. आता यातला ‘मया’ हा एवढासा शब्द वाचनातून सुटला तर उरतात 1061, आणि पानिपतच्या वेळचा पूर्वज शंभर वर्षे मागे, शिवकालात जाऊन बसतो! नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे नावावरून ही चूक ध्यानात येत नाही. घराण्याच्या प्राचीनतेचे काही अभिमान अशाच एखाद्या सुटलेल्या शब्दावर उभे असतील, असे वाटते. दिवसाच्या अंकाआधी ‘छ’ दिसला तर तो ‘चंद्र’ समजावा. पुढे रजब, मोहरम असा महिना येतो.

घरगुती पत्रांतील मायना तर नात्यांचा कोशच. ‘चि.’ दिसले की मुलगा, असे धरू नये. पुतण्या, भाचा, धाकटा भाऊ हे सारे चिरंजीवच. ‘ती.’ म्हणजे वडिलांना व आईला तीर्थरूप, पण चुलत्याला तीर्थस्वरूप. एका अक्षरामुळे चुलता बाप ठरू शकतो. आणि ज्या काकूंना एका पत्रात ‘सौ.’ लिहिले आहे, त्यांनाच दोन वर्षांनी ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, लिहिलेले आढळले, तर काकांचा मृत्यू त्या दोन पत्रांच्या दरम्यान झाला. हा मृत्यू दुसऱ्या कोणत्याच कागदावर नोंदलेला नसेल.

जमिनीच्या उताऱ्यांत ‘अ. पा. क.’ व ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे भेटतात. पहिले म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. तेथे आईचे नाव असेल तर बाप त्या वेळी बहुधा हयात नव्हता. दुसरे म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्या थोरल्या भावाचे नाव पाहून जमीन त्याची एकट्याची होती असे समजले, तर धाकट्या भावांच्या शाखा वंशवृक्षावरून गळून पडतात, आणि कधी कधी हिश्श्यावरूनही.

1956 साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरचे उतारे कन्नडात आहेत. तेथे कन्नड जाणणारा शेजारी सोबत घ्यावा. कोणताही कागद असो, आधी वहीत तो रेघांसकट जसाच्या तसा उतरून घ्यावा आणि अक्षराचा आपण लावलेला अर्थ वेगळ्या शाईने खाली लिहावा, म्हणजे पुढे तो चुकीचा ठरला तरी मूळ अक्षर हातचे जात नाही.