मुलावर उचलीचे ओझे नाही



शिरवळासारख्या हमरस्त्यावरील गावातून पोटासाठी निघालेली कुटुंबे नित्य ये-जा करीत असतात. अशा कुटुंबांस गाठून दलाल थोडी उचल देतो व लेकरास कामाला घेऊन जातो. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात असेच उघडकीस आले. काही हजार रुपये व एखादे मेंढरू यांच्या मोबदल्यात कातकऱ्यांची लहान मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या राखावयास दिली गेली होती. त्यांतील एका मुलीचा अंत झाला.

सुटून आलेल्या मुलास पहिली धास्ती हीच असते की, ‘बापाने उचल घेतली आहे, ती आता कोण फेडील?’ त्यास प्रथम हे सांगावे की, १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने असे ऋण फेडण्याचे बंधन नाहीसे झाले आहे. धन्याचे त्याजकडे काहीच येणे नाही.

दुसरी गोष्ट, भरपाई म्हणजे भीक नव्हे. कोणाचे गुरू आपल्या शेतात शिरून पीक खाऊन गेले, तर आपण नुकसान भरून मागतो. त्यात लाज कसली? मुलाचे तर बालपण व शाळा हिरावली गेली. हाच दाखला त्यास द्यावा.

आता मार्ग ऐका. उपविभागीय किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून मुक्तीचा दाखला अवश्य घ्यावा. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. तीत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. मुलांसाठी एकंदर २ लाख, व अत्यंत हालाच्या प्रकरणी ३ लाख रुपये ठरविले आहेत. मात्र ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालावर अवलंबून असते.

याशिवाय १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६ आहे. अपराधी सापडला नाही व खटला चालला नाही, तरी पीडितास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी असा नियम आहे. आपल्या जिल्ह्याचे प्राधिकरण साताऱ्यास आहे. १९८७ च्या कायद्यान्वये अशा मुलास वकीलही विनामूल्य मिळतो. प्रसंगी १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्यास पैसे पडत नाहीत.

शिक्षकांनी तीन गोष्टी सांभाळाव्या. रकमेचे निश्चित वचन देऊ नये. मुलाकडून त्याची हकिकत चारचौघांत वदवून घेऊ नये. आईबापांस दोष देत बसू नये, कारण भुकेपुढे त्यांचाही निरुपाय झालेला असतो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. उचल फेडण्याचे बंधन मुलावर का नाही?
२. भरपाई व भीक यांत भेद कोणता?
३. अपराधी सापडला नाही तर अर्ज कोठे करावा?