खेळाचा हिशेब

मुलांनो, गोट्या खेळायला किती पैसे लागतात? लगोरीला किती लागतात? फुटक्या कौलाचे सात तुकडे आणि एक चेंडू मिळाला, की सारी गल्ली संध्याकाळभर खेळू शकते. पण आता खेळांमध्ये एका नव्या खेळाची भर पडली आहे. तो टीव्हीच्या, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर खेळतात. त्याला आपण व्हिडिओ गेम म्हणतो. हा खेळ मजेदार आहे, यात शंका नाही. त्यात डोळे, बोटे आणि बुद्धी या तिन्हींना काम मिळते. मात्र हा खेळ दिवसेंदिवस महाग होत आहे. तो का महाग होतो आणि थोड्या पैशांत त्याचा आनंद कसा घेता येतो, हे आपण या पाठात पाहू.

आधी किमती पाहू. गेम खेळण्यासाठी टीव्हीला जे यंत्र जोडतात, त्याला कन्सोल म्हणतात. जपानच्या सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन ५’ हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आला. डिस्क घालता येणाऱ्या यंत्राची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५४,९९० रुपये झाली. यंत्र तेच, पण किंमत पाच हजारांनी जास्त! शिवाय नुसते यंत्र आणून भागत नाही. गेम वेगळे विकत घ्यावे लागतात. सोनीने या यंत्रासाठी काढलेल्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये ठेवली होती. आता बेरीज करा. एक यंत्र आणि एक गेम मिळून ५९,९८९ रुपये झाले. एवढ्या पैशांत किती घरांचे कितीतरी महिन्यांचे रेशन भरते! मुलाने हट्ट धरला, तर अब्बांनी काय करावे?

पूर्वी याच्या उलट घडत असे. याच कंपनीचा ‘प्लेस्टेशन २’ ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत आला. तेव्हा तो सुमारे ३०० डॉलरला मिळत होता. २००२ मध्ये तो २०० डॉलरला मिळू लागला. २००९ मध्ये त्याची किंमत १०० डॉलरवर आली. यंत्र जसजसे जुने झाले, तसतसे ते स्वस्त झाले. ज्याच्याजवळ पैसे कमी, तो थोडा थांबत असे आणि त्याचीही पाळी येत असे. ‘प्लेस्टेशन ५’चे तसे झाले नाही. २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे ५०० डॉलरला मिळणारे हे यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ५५० डॉलरचे झाले. जो थांबला, त्याचाच तोटा झाला.

असे का झाले? याची तीन मुख्य कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे यंत्राचे भाग. यंत्राचा मेंदू म्हणजे त्यातली चिप. पूर्वी चिप बनवण्याचा खर्च काही वर्षांत बराच उतरत असे. आता तो तसा उतरत नाही. दुसरे कारण म्हणजे रुपया आणि डॉलर यांचा भाव. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका डॉलरसाठी सुमारे ७३ रुपये पडत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८१ रुपयांहून जास्त पडू लागले. बाहेरून येणारी वस्तू त्यामुळे आपोआप महागते. तिसरे कारण म्हणजे गेम बनवण्याचा खर्च. २०२२ साली आलेल्या ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या गेमवर सुमारे २१ कोटी डॉलर खर्च झाले. हा आकडा २०२३ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून लोकांना कळला. या गेममधले गवताचे एकेक पाते हलताना दिसते. ते सुंदर दिसते खरे. पण शेवटी त्याची किंमत खेळणाराच देतो.

आता दुसऱ्या एका गेमची गोष्ट ऐका. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम १९८९ साली आला. त्यात एक दुष्ट वजीर शहजादीला कैद करतो आणि नायकाला ६० मिनिटांत तिची सुटका करायची असते. अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने हा गेम जवळजवळ एकट्याने बनवला. त्याला सुमारे चार वर्षे लागली. त्याच्याजवळ मोठे भांडवल नव्हते. नायक धावताना आणि उडी मारताना खरा वाटावा, म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावले आणि त्याचे चित्रीकरण केले. त्या चित्रांवरून त्याने नायकाची प्रत्येक हालचाल तयार केली. गेमचे संगीत त्याच्या वडिलांनी दिले. घरच्या माणसांच्या मदतीने बनलेला हा गेम जगभर गाजला. आजही तो खेळताना खोल खड्ड्यावरून उडी मारायची वेळ आली, की छाती धडधडते.

जुने गेम बनवणारे लोक काटकसरीने काम करीत. त्यांना तसे करावेच लागे, कारण त्या काळच्या यंत्रांत जागा फार थोडी असे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा गेम फक्त ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलने काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. एवढ्याशा जागेत डोंगर, ढग, झुडपे आणि किल्ले कसे बसवले असतील? गेम नीट पाहा. त्यातल्या ढगाचा आणि झुडपाचा आकार एकच आहे. पांढरा रंग दिला की ढग आणि हिरवा रंग दिला की झुडूप! शिंप्याने उरलेल्या कापडातून टोपी शिवावी, तशी ही हुशारी आहे.

याच कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक कारागीर होते. १९६५ साली ते तिथे यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागले. पुढे ते नवी खेळणी बनवू लागले. त्यांचा एक विचार फार मोलाचा आहे. नवी आणि महाग वस्तू शोधत बसू नये. जी वस्तू जुनी, भरवशाची आणि स्वस्त झाली आहे, तिचा नवा उपयोग शोधावा, असे त्यांचे मत होते. १९८० साली त्यांनी गणकयंत्रात असतो तसा साधा पडदा वापरून खिशात मावणारा गेम बनवला. १९८९ साली त्यांच्या चमूने ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र आणले. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. पुढच्याच वर्षी सेगा या दुसऱ्या कंपनीने रंगीत पडद्याचे ‘गेम गिअर’ हे यंत्र आणले. लोकांना वाटले, आता ‘गेम बॉय’ मागे पडणार. पण रंगीत यंत्राला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. ‘गेम बॉय’ला चार सेल लागत आणि ते दहा तासांहून जास्त चालत. शेवटी काय झाले? ‘गेम गिअर’ सुमारे १ कोटी विकले गेले. ‘गेम बॉय’ आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले. साधेपणा जिंकला.

आपल्याकडेही असा एक काळ होऊन गेला. १९९० नंतरच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातील शहरांत आणि गावांत टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले. त्यातले बरेचसे जपानी यंत्राची नक्कल होते. त्यात घालायच्या चौकोनी डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटमध्ये अनेक गेम असत. मुले कॅसेटची अदलाबदल करीत. यंत्र एकाचे, पण खेळणारे सारे घर असे. एक जण हरला, की दुसऱ्याची पाळी येई. जो नुसता बघत असे, त्यालाही मजा येई.

मग आज आपण काय करावे? नव्या यंत्रासाठी थांबून फारसा उपयोग होत नाही, हे आपण पाहिले. पण नव्या गेमसाठी थांबून नक्की उपयोग होतो. गेम आला, त्या दिवशी तो सर्वांत महाग असतो. वर्ष-दोन वर्षांनी बहुतेक गेमची किंमत उतरते. संगणकावरचे जुने गेम वर्षातून अनेकदा मोठ्या सवलतीत मिळतात. त्यासाठी नवा संगणकही लागत नाही. ‘सुपरटक्स’सारखे काही गेम तर त्यांच्या कर्त्यांनीच सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. त्यात एक पेंग्विन मारिओसारखा उड्या मारत जातो. जुन्या संगणकावरही तो छान चालतो.

डिस्कवरचा गेम घेणार असाल, तर वापरलेली डिस्क घ्या. खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते किंवा पुन्हा विकता येते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला गेम मात्र सहसा असा विकता येत नाही. ज्यांच्या घरी यंत्र आहे, अशा चार मित्रांनी ४,९९९ रुपयांचा एक गेम मिळून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,२५० रुपये येतात. तोच गेम वर्षभराने घेतला, तर वाटा आणखी कमी होतो.

पण तीन गोष्टींची काळजी घ्या. पहिली गोष्ट, जुने म्हणजे स्वस्तच असे समजू नका. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या जुन्या गेमची न उघडलेली एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. ते पैसे बंद डब्याचे होते. खेळण्याची मजा तर उघडलेल्या प्रतीतही तितकीच असते. दुसरी गोष्ट, मोबाइलवरचा ‘मोफत’ गेम नेहमीच मोफत नसतो. आधी तो फुकट खेळू देतो. मग नवे कपडे, नवी शस्त्रे, जास्त वेळ यांसाठी दहा-वीस रुपये मागत राहतो. महिन्याच्या शेवटी हिशेब केला, तर ईदीचे सारे पैसे संपलेले असतात! तिसरी गोष्ट, चोरून बनवलेली प्रत घेऊ नका. त्यात कर्त्याच्या कष्टाची चोरी असते आणि संगणक बिघडण्याचा धोकाही असतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने एक पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या दर शंभर गेमपैकी सुमारे ८७ गेम आता बाजारात विक्रीला नाहीत, असे तिला आढळले. पुस्तके ग्रंथालयात टिकतात, तसे हे गेम टिकलेले नाहीत. तुमच्या घरी माळ्यावर चाचांचे किंवा मामूंचे जुने यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी एकदा पुसून, जोडून पाहा. कदाचित ते चालेल. चाचांना तुमच्याबरोबर खेळायला बोलवा. ते तुम्हाला हरवतील, अशीच शक्यता जास्त!

मुलांनो, नवी वस्तू सर्वांना आवडते. पण वर्गातल्या एखाद्याकडे नवा गेम आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस गरीब नसतो, तो शहाणा असतो. शतरंज किती जुनी आहे! तरीही प्रत्येक डाव नवा असतो. गेमचेही तसेच आहे. जो गेम तुम्ही अजून खेळला नाही, तो तुमच्यासाठी नवाच आहे.

शब्दार्थ

काटकसर – किफायत
हट्ट – जिद्द
भांडवल – सरमाया
कारागीर – हुन्नर जाणणारा माणूस
सवलत – रिआयत
लिलाव – नीलाम
पाळी – बारी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कन्सोल म्हणजे काय?
(आ) ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचे संगीत कोणी दिले?
(इ) ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ढग आणि झुडूप यांत कोणता फरक आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) व्हिडिओ गेम महाग होण्याची कारणे कोणती?
(आ) ‘गेम बॉय’ने रंगीत यंत्रावर मात कशी केली?
(इ) ‘मोफत’ गेम नेहमीच मोफत का नसतो?

३. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा अर्थ सांगा. याच अर्थाची उर्दूतील म्हण सांगा.

४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. उदाहरणार्थ – बाजार, वजीर.

५. उपक्रम : तुमच्या घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या एका खेळाची माहिती विचारा. त्याला किती खर्च येत असे, ते लिहा.