क्रॉस बदलताना डोळा आणि बोट सांभाळा

तुमच्या घरात कुणी ट्रक चालवत असेल किंवा गॅरेजात हात काळे करत असेल, तर आजचा सल्ला त्याला मुद्दाम वाचून दाखवा. जॉइंट शाफ्ट इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेतो, आणि त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा म्हणजे क्रॉस. तो बदलणं हे महामार्गालगतच्या कुठल्याही गॅरेजातलं रोजचं काम. पण त्यात होणाऱ्या काही जखमा पहिल्या तासात अजिबात दुखत नाहीत. म्हणून माणूस काम उरकतो, जेवतो, झोपतो आणि दोन दिवसांनी दवाखान्यात येतो. तोवर आम्हा डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

आधी कंबरेबद्दल, कारण चालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. ‘क्रॉस गेलाय, गाडी थरथरते, म्हणून पाठ धरलीय,’ असं अनेक जण सांगतात. हिशोब करून पाहा. भरलेला ट्रक ताशी 60 किलोमीटरने जात असेल आणि डिफरन्शियलचा रेशो 6 च्या आसपास असेल, तर शाफ्ट सेकंदाला साधारण 30 फेरे घेतो. ही जलद थरथर तळपायांना आणि मांडीला जाणवते, माणूस वैतागतो, थकतो. मणक्याला मात्र जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या संथ हादऱ्यांचा, आणि ते येतात खड्ड्यांतून, बसकण मारलेल्या सीटमधून आणि थकलेल्या स्प्रिंगांतून. तेव्हा क्रॉस जरूर बदला, पण कंबर त्याने बरी होईल अशी आशा धरू नका. त्यासाठी सीट दुरुस्त करा आणि दर दोन तासांनी खाली उतरून पाच मिनिटं चाला. पायाला मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

झिजलेला क्रॉस आधी आवाजाने कळतो. क्लच सोडताना किंवा पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. ग्रीस संपून आतल्या सुया कोरड्या पडल्या, की हळू वेगात चीं चीं ऐकू येते, ती गाडीच्या वेगाबरोबर वाढते. क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या कपांच्या सीलभोवती गंजाची तांबूस पूड दिसली, तर समजा वेळ भरत आली. नक्की करायचं असेल तर गाडी सपाट जागी बंद करा, चाकांना अडण लावा, न्यूट्रल करा आणि शाफ्ट व योक दोन हातांत धरून उलटसुलट पिळा, वर-खाली हलवा. खेळ क्रॉसमध्येच जाणवला, तर त्यात दुरुस्ती नसते, नवाच घालावा लागतो. ही गोष्ट ‘पुढच्या फेरीनंतर बघू’ म्हणून टाळू नका. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडतं आणि फटके मारत ब्रेकच्या हवेच्या नळ्याही तोडू शकतं.

आता गाडीखाली शिरण्याविषयी. शाफ्ट सुटला, की इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंध तुटतो. म्हणजे गिअरमध्ये ठेवलेली गाडी आता गिअरवर थांबणार नाही. काही गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो, तोही त्या क्षणी निकामी होतो. म्हणून चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी, ठोकळे लावल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करायचा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही, खाली लोखंडी स्टँड हवेत. शेवटचा बोल्ट काढण्याआधी शाफ्टला पट्ट्याचा आधार द्या. तो छातीवर पडला तर बरगड्या मोडतात.

कुणी खाली अडकलाच, तर 108 ला फोन करा आणि तो किती वाजता अडकला ते लक्षात ठेवा. हात किंवा पाय बराच वेळ दाबून राहिला असेल, तर सुटका झाल्यावर चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरतात. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. माणूस उठून बोलत असला तरी त्याला रुग्णालयात न्या. लघवी काळपट होऊ लागली, तर तो धोक्याचा इशारा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डोळ्याची. कपाला जागेवर धरणारी सर्कलिप काढल्यावर कप बाहेर काढायला आपल्याकडे सर्रास हातोडा चालतो. कप आणि क्रॉस दोन्ही कडक पोलादाचे. त्यावर घाव बसला, की बारीक कपची गोळीच्या वेगाने उडते. ती बुबुळातून आत शिरली तरी कधी कधी नुसता कचरा गेल्यासारखं वाटतं आणि नजरही तितकीच राहते. आत राहिलेलं लोखंड मात्र गंजतं, पडद्याला विष होतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी दृष्टी घेऊन जातं. टॉर्च धरून उभ्या असलेल्या क्लीनरलाही हा धोका तितकाच आहे.

म्हणून प्रेस वापरा, नाहीतर वाइसमध्ये योग्य मापाचे सॉकेट लावून कप दाबून काढा. दोघांच्याही डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. ठोकताना डोळ्यात काही गेल्याची शंका आली, तर चोळू नका, धुऊ नका, मलम घालू नका, चिमट्याने काढायला जाऊ नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी कप उपडा ठेवून चिकटवा, काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते, आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. त्यांना ‘लोखंडावर लोखंड ठोकत होतो’ हे शब्द आवर्जून सांगा. त्यावरून ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतील. एमआरआय मात्र चालत नाही, त्याच्या चुंबकाने आतला तुकडा हलतो.

दुसरी फसवी जखम ग्रीसगनची. नवा क्रॉस बसवल्यावर चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारायचा असतो. एका बाजूने ते येत नसलं, तर माणूस तिथे बोट लावून चाचपतो किंवा फुटका होज हाताने आवळून धरतो. साध्या हाताच्या ग्रीसगनमध्येसुद्धा दर चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब तयार होतो. त्या दाबाने ग्रीस कातडी भेदून बोटाच्या शिरांबरोबर तळहातापर्यंत पसरतं. बाहेर दिसतं ते सुईच्या टोकाएवढं भोक. काही तासांनी बोट टम्म फुगतं, ठणकतं, पांढरं पडतं. उशीर झाला तर ते कापावं लागू शकतं. यावर शेक, पिळून काढणं, हळद, गोळ्या यांतलं काहीच उपयोगाचं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये बोट उघडून ग्रीस काढावं लागतं, आणि जखमेनंतर पहिल्या सहा तासांत ते झालं तर उत्तम. अशा जखमेनंतर लगेच हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गेल्या 5 वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल, तर तेही घ्या.

आणि काम संपल्यावर हात डिझेलने धुऊ नका. त्याने कातडी भेगाळते, इसब होतो. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण.

गॅरेजमालकांना माझी विनंती आहे. वाइसच्या शेजारी एक खिळा ठोकून त्यावर दोन गॉगल कायम टांगा, आणि भिंतीवर 108 च्या खाली जवळच्या नेत्र रुग्णालयाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. हे आजच करा.