पहिला प्रश्न पुराव्याचा नको

अमेरिकेतल्या मराठी घरांत राजकारणावर तावातावाने बोललं जातं, पगारावर दबक्या आवाजात का होईना बोललं जातं, पण वंशभेदावर कृष्णवर्णीय माणसासमोर बसून कुणी बोलत नाही. हे भांडण गोऱ्यांचं आणि काळ्यांचं, आपण मध्ये कशाला पडा, असं म्हणून विषय टाळला जातो. मी नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत आले, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, मुलीला इथेच वाढवलं. या काळात असं बोलणं मोडताना मी अनेकदा पाहिलं, क्वचित टिकतानाही पाहिलं. नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या प्रयोगशाळेत दुपारच्या जेवणाचं टेबल ठरलेलं असे. आम्ही काही भारतीय, दोघे-तिघे गोरे आणि माझी एक कृष्णवर्णीय सहकारी. वयाने माझ्याच आसपासची, कामात चोख, आमच्या डब्यातल्या भाज्यांची नावं पाठ असलेली. एका सोमवारी तिने सांगितलं की तिचा मुलगा कॉलेजातून सुट्टीसाठी घरी येत असताना टर्नपाइकवर पोलिसांनी त्याला अडवलं, खाली उतरवून रस्त्याच्या कडेला बसवलं, गाडीची डिकी उपसली आणि काही सापडलं नाही तेव्हा सोडून दिलं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "पण तो गाडी किती वेगात चालवत होता?" दुसऱ्याने सल्ला दिला, "हात स्टिअरिंगवर ठेवायचे, नीट उत्तरं द्यायची, मग काही होत नाही. मलाही एकदा थांबवलं होतं." दोघेही सज्जन माणसं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि काम आहे म्हणून उठून गेली. पुढेही ती त्याच टेबलावर जेवत राहिली, सगळ्यांशी हसूनखेळून वागत राहिली, पण मुलाबद्दलचा एक शब्दही तिथे पुन्हा निघाला नाही.

त्या दोन वाक्यांत काय चुकलं, हे मला तिच्याकडूनच पुष्कळ नंतर कळलं. हात स्टिअरिंगवर ठेवायला तिने मुलाला गाडीचा परवाना मिळण्याआधीच शिकवलं होतं. कागद काढण्यापूर्वी पोलिसाला तोंडाने सांगायचं, झटकन हालचाल करायची नाही, अपमान झाला तरी आवाज चढवायचा नाही. इथल्या कितीतरी कृष्णवर्णीय घरांत मुलगा वयात आला की आईबाप त्याला समोर बसवून हे सांगतात. आमच्या सहकाऱ्याने तिला जणू नवीन माहिती द्यावी तसं तेच ऐकवलं. आणि वेगाचा प्रश्न विचारणाऱ्याने तर तिच्या मुलालाच आरोपीच्या जागी उभं केलं.

त्यातून तो रस्ता न्यू जर्सी टर्नपाइक. 1998 च्या एप्रिलमध्ये याच रस्त्यावर राज्य पोलिसांनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. आत चार निःशस्त्र तरुण होते, तीन कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. त्यांतले तिघे जखमी झाले. पोलीस रंग बघून गाड्या अडवतात, असं कृष्णवर्णीय माणसं वर्षानुवर्षं सांगत होती आणि त्यांना पुरावा मागितला जात होता. पुढच्या वर्षी, 1999 मध्ये, राज्य सरकारने स्वतःच्या अहवालात कबूल केलं की असं खरोखर घडतं. मग केंद्र सरकारशी करार झाला आणि पोलीस दलावर देखरेख बसली, ती 2009 पर्यंत होती. हे सगळं आम्ही इथे राहत असतानाच घडलं. रोज त्याच रस्त्याने कामाला जाणाऱ्या आमच्या लोकांना याची गंधवार्ता नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे: कुणी असा अनुभव सांगितला की पहिला प्रश्न पुराव्याचा नको. "मुलगा आता कसा आहे?" एवढं विचारता येतं. "ऐकते आहे, सांग" एवढं म्हणता येतं. तपशील तुम्हाला पटो न पटो, समोरचं माणूस तुमच्याकडे न्यायनिवाडा मागायला आलेलं नाही. आणि आपला अनुभव त्याच श्वासात सांगू नका. आपल्यालाही सोसावं लागलं आहे, ते खरं आहे. 1987 मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांना धमक्या दिल्या, मारहाणी केल्या. त्याच सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना जमावाने इतकं मारलं की त्यात त्यांचा जीव गेला. ही गोष्ट मी सहकारणीला सांगितली, पण वेगळ्या दिवशी, आणि ती डोळे विस्फारून ऐकत राहिली. एकाचं दुःख पुरतं ऐकून घेतल्यावर दुसऱ्याच्या दुःखाला आपोआप जागा होते.

त्या सोमवारी टेबलावरचा एकच माणूस नंतर तिच्याकडे गेला. आमचे नागपूरचे एक सहकारी, मितभाषी. त्या दोघांची मैत्री पुढे घट्ट झाली. मी एकदा त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "ताई, जात सांगितल्यावर मलाही लोक असेच प्रश्न विचारायचे. नक्की जातीमुळेच झालं का? तुम्हीच काही बोलला असाल. ते ऐकलं की मी गप्प बसायचो. तिला गप्प बसताना बघितलं आणि राहवलं नाही." इतकी वर्षं शेजारच्या बाकावर काम करून त्यांनी हे आम्हा मराठी माणसांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी जागा आम्ही ठेवलीच नव्हती. त्यांच्या खणात 'गुलामगिरी'ची प्रत असे. जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक 1873 मध्ये अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं आहे. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन. या विषयावर बोलण्याची वाट मराठीत दीडशे वर्षांपासून आहे, पण ती चालणारे वेगळे होते.

सवर्ण घरातून आलेल्यांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना. "आमच्याकडेही जात असते, मला कळतं तुझं" हे वाक्य तुमच्या तोंडून निघाल्यावर समोरचा माणूस विचारू शकतो, "तू त्यात कुठल्या बाजूला होतीस?" त्याचं खरं उत्तर देण्याची तयारी असेल तरच ते वाक्य बोला. माझ्या सहकारणीने मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, वरच्या. त्यावर ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." त्या उत्तरानंतर आमचं बोलणं खऱ्या अर्थाने मोकळं झालं.

दुसरं एक वाक्य आपल्या लोकांच्या जिभेवर असतं: आम्ही खिशात चार डॉलर घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो, यांना का जमत नाही? कष्ट खोटे नाहीत, पण गोष्ट अर्धी आहे. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. 1946 नंतर भारतातून वर्षाला शंभर जणांनाच कायमचं येऊ देत. दार उघडलं ते 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापलेल्या वातावरणात झाला. त्या चळवळीत मार खाल्ला तो मुख्यतः कृष्णवर्णीयांनी. शिवाय त्या दाराने डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ निवडून आत घेतले. म्हणजे आमचं शिक्षण आम्ही येतानाच बरोबर आणलं होतं.

घरांचंही तसंच. न्यू जर्सीत आज विलिंगबरो नावाचं गाव आहे. 1958 मध्ये तिथे लेव्हिट कंपनी हजारो घरं बांधत होती आणि ती फक्त गोऱ्यांना विकणार, असं तिने उघड सांगितलं होतं. विली जेम्स नावाच्या कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्याने दाद मागितली आणि 1960 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. तोवर गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर देशभर घरं घेतली होती. त्या घरांच्या किमती वाढल्या, त्यावर मुलांची कॉलेजं झाली. इथल्या शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो, हे घर घेताना 'चांगली शाळा' शोधणाऱ्या प्रत्येक मराठी आईबापाला ठाऊक असतं. ती शाळा चांगली का आणि पलीकडच्या शहरातली वाईट का, हे विचारायला मात्र वेळ नसतो. आणि गुलामी ही दक्षिणेतली गोष्ट, असंही समजू नका. उत्तरेकडच्या राज्यांत ती सर्वांत शेवटी संपली ती न्यू जर्सीत. हे वाचून घ्या, मुलांना घेऊन वॉशिंग्टनचं आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय पाहून या. दिवस पुरत नाही तिथे. एवढी तयारी करून बोलायला बसलं की समोरच्या माणसावर मास्तरकी करण्याची वेळ येत नाही.

वेळेचंही भान ठेवा. 2020 च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने भर रस्त्यात ठार मारलं, तेव्हा माझ्या सहकारणीच्या फोनवर वर्षानुवर्षं न बोललेल्या लोकांचे निरोप येऊन पडले: कशी आहेस, आम्ही काय करू, आम्हाला समजावून सांग. ती थकून गेली. बोलणं सुरू करायचं तर साध्या दिवशी करा. "तुला बोलायचं नसेल तर राहू दे" हे मनापासून म्हणा आणि ती नाही म्हणाली तर खरंच राहू द्या.

पण सर्वांत अवघड बोलणं स्वयंपाकघरात असतं, तेही मराठीत. मुलगी कुणाशी लग्न करेल याबद्दल आमच्या घरांत एक न लिहिलेली उतरंड असते: आपल्यातला, मग मराठी, मग भारतीय, मग गोरा, आणि त्याखाली कुणाचं नावही निघत नाही. मुलांना ही उतरंड न सांगता कळते. बाहेर कितीही जपून बोललात तरी घरातलं हे मौन त्यांच्यापर्यंत पोहोचतं. माझ्या मुलीने सोळाव्या वर्षी मला सरळ विचारलं होतं, "आई, ब्लॅक मुलगा आणला तर?" मी म्हटलं, मुलगा कसा आहे ते बघेन, आणि तुझी आजी काय म्हणेल ते मी सांभाळेन. मग आजीशी बोलले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तरी ते बोलणं झालं, आणि कुणी मुलगा आणण्याच्या आधी झालं, हे बरं झालं.

मोकळं बोललं म्हणजे मतं जुळतात असं नाही. 2023 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी केली. हार्वर्डवरचा तो खटला आशियाई मुलांवरच्या अन्यायाच्या नावाने लढवला गेला होता, आणि आमच्या मराठी गटांत पेढे वाटल्यासारखे निरोप फिरत होते. ते दुसऱ्या कुणाकडून माझ्या सहकारणीच्या कानावर जाण्याआधी मी तिला फोन केला. आशियाई मुलांना प्रवेशाच्या वेळी व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी दिले जात होते हे मला अन्यायाचं वाटतं, पण त्यावरचा हा उपाय मला पटत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तिला दोन्ही पटत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप हार्वर्डमध्ये तसंच राहिलं, त्यावर तुमच्या लोकांनी खटला का नाही भरला? आम्ही त्या दिवशी बराच वेळ भांडलो. अजूनही भांडतो. माझी मुलगी तिच्या बाजूने आहे.